टोपी घातलेली टर्की

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी डेल्मर क्रील स्वतःच्या बंदुकीला घाबरायला लागला. दहा-अकरा महिने त्याने ते कोणाला कळू दिलं नाही.

आमच्या क्लबात आम्ही चौदा जण. नदीकाठची एका लाकूड कंपनीची जमीन आम्ही शिकारीपुरती घेतलेली आहे. वर पाइनची लागवड, खाली ओकचं पाणथळ रान आणि त्याच्याही खाली वेळूची बेटं. डेल्मर आमच्यात सगळ्यात जुना नव्हता, सगळ्यात चांगला नेमबाजही नव्हता. सगळ्यात सावध मात्र तोच होता. कागदगिरणीत चौतीस वर्षं कागद दाबणाऱ्या मोठ्या रुळांवर काम करून तो दहाही बोटं घेऊन निवृत्त झाला. त्या खात्यात असं दुसरं कोणी नव्हतं. नवा सभासद आला की त्याला डेल्मरच्या हवाली करायचे. मचाणावर चढताना बंदूक रिकामी करून मागून दोरीने ओढून घ्यायची. गाडीत ठेवताना काडतुसं काढायची, बोट आत घालून नळी रिकामी असल्याची खात्री करायची. हे तो इतक्या वेळा सांगायचा की पोरं त्याच्या आधी वाक्य पुरं करायची.

त्याचं वर्ष तीन जनावरांनी वाटून घेतलेलं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हरीण, मार्चअखेर ते एप्रिल टर्की हा रानपक्षी, आणि उरलेल्या दिवसांत रानडुकरं. डुकरांना ना हंगाम ना बंदी, भुईमुगाचं शेत ती बघता बघता उलथून टाकतात. त्याची बायको नेल्डा म्हणायची, आमची थोरली टर्कीत झाली, धाकटा हरणांत झाला आणि लग्न डुकरांत झालं, कारण तेवढाच हा मोकळा सापडला.

थर्मन बीझली त्याचा तीस वर्षांचा जोडीदार. विजेच्या खांबांवर आयुष्य गेलेला, बोलका, डोक्यावर एक केस नसलेला माणूस. रविवारी चर्चमध्ये बाकावर थर्मन पुढे आणि डेल्मर त्याच्या मागे, हे ठरलेलं. पुढचं मी त्या दोघांकडून वेगवेगळ्या वेळी ऐकलं, आणि दोघांचं जुळलं.

फाटकाजवळच्या शेडमध्ये एक फळी आहे. तिच्यावर रानाचा नकाशा रंगवलेला आणि प्रत्येक जागेला एक खिळा. आत जाताना आपल्या नावाचा पत्रा त्या जागेच्या खिळ्याला अडकवायचा. जिथे पत्रा आहे तिथे दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही. टर्कीच्या दिवसांत हा नियम फार कडक असतो. तेव्हा माणूस पानापानांचे कपडे घालतो, तोंडावर जाळी ओढतो, झाडाला पाठ लावून बसतो आणि लाकडी डबी घासून मादीचा आवाज काढतो, म्हणजे नर तिला शोधत येईल. थोडक्यात, तो होता होईल तेवढा माणूस राहत नाही.

त्या एप्रिलच्या सकाळी डेल्मरने पत्रा जुन्या आरागिरणीच्या खिळ्याला लावला. शेजारच्या ओढ्यापलीकडच्या खिळ्यावर थर्मनचा पत्रा होता, तो त्याने बघितला. आरागिरणीशी तासभर बसूनही काही हाललं नाही. मग ओढ्यापलीकडून नर ओरडला. थर्मन आठलाच निघून दाताच्या डॉक्टरकडे जाणार होता, आणि आता साडेआठ झाले होते. शेडपर्यंत जाऊन खात्री करायची म्हणजे जाता-येता पाऊण तास, तोवर पक्षी थांबत नाही. ज्याने आम्हा सगळ्यांना शिकवलं तो डेल्मर ओढा उतरून पलीकडे गेला.

तो गुडघ्यांवर पुढे सरकला. समोरून मादीचा हळू आवाज आला. आडव्या पडलेल्या खोडामागे काहीतरी पांढरं वर आलं, त्याच्याखाली लाल. माजावर आलेल्या नराचं डोकं असंच दिसतं, माथा पांढरा आणि मान लाल. डेल्मरने सुरक्षेचा खटका सरकवला. नळीच्या टोकाची माशी त्या पांढऱ्यावर टेकवली. चाळीस पावलं. चापाचा ढिला भाग बोटाने ओढून झाला होता, आणि तेवढ्यात टर्कीने टोपी घातली.

हे वाक्य त्याने मला असंच सांगितलं. सांगताना तो हसला नाही.

गोचीड काढायला थर्मनने टोपी उतरवली होती, ती त्याने परत घातली. टक्कल झाकलं गेलं, रुंद काठाखाली उन्हाने लाल झालेली मान झाकली गेली. डेल्मर पोटावर सरपटत मागे आला, ओढ्यात उतरला आणि गुडघाभर पाण्यात बसून राहिला. काडतुसं काढायची होती, ती तशीच राहिली.

अकराच्या सुमारास थर्मन शेडवर आला तो कुरकुरतच. डॉक्टरने वेळ पुढे ढकलली होती म्हणून तो थांबला होता, पक्षी अगदी यायच्या बेतात होता, पण कशाने तरी बुजला. रानमांजर असावं, थर्मन म्हणाला. डेल्मर म्हणाला, असेल.

त्या एका शब्दानंतर परत फिरायला वाट उरली नाही. रविवारी बाकावर बसला की समोर हातभर अंतरावर ते टक्कल. प्रार्थनेला थर्मन मान खाली घालायचा तेव्हा मागून सगळा माथा दिसायचा. डेल्मरला डोळे मिटता येत नव्हते. उजव्या हाताचं पहिलं बोट तो डाव्या मुठीत धरून ठेवायचा. नेल्डाला त्याने सांगितलं की आपल्याला हल्ली कमी ऐकू येतं, पुढे बसू. ते पहिल्या बाकावर गेले. मग थर्मन त्याच्या मागे आला, आणि मान वळवून बघितल्याशिवाय डेल्मरला प्रवचन ऐकता येईना.

नोव्हेंबरात हरणं सुरू झाली. त्या दिवसांत सगळे भडक नारिंगी जाकिटं घालतात, माणूस मैलावरून दिसतो. तरी मचाणावर बसलेल्या डेल्मरला झुडपातून येणारं प्रत्येक हरीण आधी माणूस दिसायचं. कान म्हणजे हात, छातीचा पांढरा पट्टा म्हणजे सदरा. ते उघड्यावर येऊन चरायला लागलं, शिंगं मोजता आली, तरी त्याला ते हरीण आहे अशी शपथ घेता येईना. पण सगळा हंगाम बंदूक वाजली नाही तर लोक विचारतात. म्हणून हरीण निघून गेल्यावर तो समोरच्या मातीच्या चढात एक गोळी घालायचा आणि खाली येऊन सांगायचा, नेम चुकला.

नेम चुकला की आमच्याकडे सदऱ्याचा मागचा घोळ, म्हणजे शेपटी, कापतात आणि नाव-तारीख लिहून भिंतीला ठोकतात. नाताळपर्यंत डेल्मरच्या तीन शेपट्या भिंतीवर होत्या. पोरांना तर मेजवानीच. सगळ्यात धाकटा सभासद कोडी म्हणाला, "मिस्टर डेल्मर, नेल्डाबाईंना सांगा, सदरे आता गुडघ्यापर्यंत शिवा."

थर्मन म्हणाला, "अरे, त्याला काय हसता? हरणांनी त्याला आपल्या क्लबात घेतलंय."

सगळ्यांबरोबर डेल्मरही हसला. पण थर्मनला मनातून काळजी वाटत होती. त्यानेच आग्रह करून, स्वतः गाडी चालवून, डेल्मरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत डेल्मर मनात मोतीबिंदू मागत होता. मोतीबिंदू निघाला असता तर झालं ते डोळ्यांवर ढकलता आलं असतं, बंदूक खुंटीला लावता आली असती. डॉक्टर म्हणाला, तिशीतल्या माणसाचे डोळे आहेत. परत येताना थर्मनने आनंदाने त्याला तळलेला मासा खाऊ घातला. डेल्मरने अर्ध्याहून जास्त ताटात ठेवला.

फेब्रुवारीच्या शेवटी हरणांच्या चराईसाठी पेरलेला गहू डुकरांनी उकरला. सकाळी नऊच्या सुमारास दोघं तिथे गेले. थर्मनने वेळूच्या कडेला एका मोठ्या नरावर गोळी झाडली, पण ती मागे लागली, आणि डुक्कर बेटात घुसलं. जखमी जनावर तसंच टाकून यायचं नाही, हा आमचा नियम. डेल्मर म्हणाला, कुत्रे आणू. तो दोनदा म्हणाला. थर्मनचं लक्ष रक्ताच्या थेंबांकडे होतं.

"तू असताना कुत्रे कशाला, लेका?" थर्मन म्हणाला. "उजवीकडे राहा. निघालं तर घाल."

वेळूत पाच हातांपलीकडे दिसत नव्हतं. पानं एकमेकांवर घासत होती. डेल्मरला डुकराची भीती वाटत नव्हती, असं तो म्हणाला, आणि माझा त्यावर विश्वास आहे. त्याला भीती होती हातातल्या दुनळीची. तिचं तोंड कुठे आहे हे तो सारखं बघत होता, आणि म्हणून समोर बघायचं राहत होतं.

डुक्कर निघालं ते आवाज न करता. थर्मन मागे सरला, चिखलात घसरला, एका गुडघ्यावर आला. त्याच्या बंदुकीची नळी मातीत रुतली आणि टोपी पडली. डुक्कर डेल्मरला आडवं होतं, थर्मन त्याच्या बराच डावीकडे. शिकवताना तो ज्याला स्वच्छ नेम म्हणायचा तो हाच. खटका सरकला, माशी डुकराच्या खांद्यावर टेकली, आणि त्याला दिसलं ते फक्त टक्कल. पांढरं, वेळूच्या हिरव्यात, हलणारं.

बोट चापावर राहिलं. बार निघाला नाही.

डुक्कर थर्मनची मांडी सुळ्याने फाडून पुढे गेलं, वीस पावलांवर आडवं झालं आणि पहिल्या गोळीनेच मेलं. डेल्मरने पट्टा काढून मांडीला वर आवळून बांधला, सदरा जखमेत कोंबला, आणि थर्मनला अर्धं उचलून अर्धं ओढत गाडीपर्यंत आणलं. शहरातलं हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर.

पाइनच्या रांगा संपून डांबरी रस्ता लागला तेव्हा थर्मनने विचारलं, "झाडली का नाहीस?"

डेल्मरने रस्त्यावरची नजर न हलवता सगळं सांगितलं. पत्रा, ओढा, खोड, टोपी. सांगून झाल्यावर थर्मनने एकेक विचारलं.

"खटका?"

"सरकवलेला होता."

"बोट?"

"चापावर."

"किती पावलं?"

"चाळीस."

थर्मनने ती बंदूक तीस वर्षं बघितली होती. चाळीस पावलांवर तिचे छर्रे ताटाएवढ्या जागेत बसतात, हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "गाडी थांबव."

"रक्त जातंय तुझं."

"थांबव म्हणतो ना."

डेल्मरने थांबवली नाही. थर्मनने रक्ताळलेला हात मागे घातला, सीटमागची डेल्मरची दुनळी पुढे ओढली आणि मधून मोडून उघडली. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती. डेल्मरच्या गाडीत, डेल्मरने ठेवलेली बंदूक, भरलेली. दोघांनीही ती पितळी बुडं बघितली. थर्मनने एकेक काडतूस काढून खिडकीबाहेर फेकलं आणि हॉस्पिटल येईपर्यंत तो दाराला चिकटून बसला, डेल्मरपासून होता होईल तेवढा लांब.

त्रेचाळीस टाके पडले. आम्हाला त्याने एवढंच सांगितलं की डुक्कर निघालं आणि मी घसरलो. तीन आठवडे त्याने डेल्मरला फोन केला नाही. पण आम्हाला फरक दिसत होता. नाश्त्याच्या हॉटेलात तो आता खिडकीकडे पाठ करून बसेना. चर्चमध्ये तो सगळ्यात मागच्या बाकावर गेला, भिंतीला टेकून. आवारात काम करताना डोक्यावर पिवळं हेल्मेट घालायला लागला. त्याची बायको हसून सांगायची, आणि सांगता सांगता हसणं थांबवायची. इकडे डेल्मरला जेवण जायला लागलं होतं, झोप यायला लागली होती. त्याची त्याला लाज वाटे, पण येत होती.

मार्चच्या मध्याला तो थर्मनकडे गेला. क्लब सोडतो, बंदुका जावयाला देऊन टाकतो, हे सांगायला. थर्मन ओसरीवर पाय पुढे टाकून बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सांगितलंस कशाला?" तो म्हणाला.

"तुला कळायला हवं होतं."

"मला नको होतं. वर्षभर मी मजेत होतो. ते तुझं होतं. तू ठेवायचंस."

डेल्मर उठायला लागला.

"बस खाली," थर्मन म्हणाला. "सोडून जाशील कुठे? तू क्लबात नसलास तर मला प्रत्येक झाडामागे दिसशील. हंगाम उघडला की पहिल्या बुधवारी पहाटे सहाला ये. बंदूक आणू नकोस."

हंगामाच्या पहिल्या बुधवारी एकाच ओकला पाठ लावून दोघं बसले, खांद्याला खांदा. थर्मनची बंदूक त्याच्या मांडीवर, जखमी पाय सरळ पुढे. उजाडलं तसं त्याने डबी घासली. नराने उत्तर दिलं, दुसऱ्यांदा दिलं, जवळून. मग तो गप्प झाला, आणि पाचोळ्यात पावलं वाजायला लागली. दोन पावलं, थांबणं. एक पाऊल, थांबणं. वाळक्या पानांत टर्की हुबेहूब माणसासारखी चालते. हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि माहीत असून उपयोग नसतो.

दोघांचे खांदे थरथरत होते. कुणाचा आधी थरथरायला लागला हे डेल्मरला कळलं नाही. झुडूप हललं. थर्मनने बंदूक उचलली नाही. त्याने तोंडावरची जाळी खाली ओढली आणि घसा फुटेपर्यंत ओरडला, "माणसं आहोत इथे. दोन माणसं."

झुडपातून मोठा नर फडफडत उठला, छातीवर राठ पिसांची वीतभर दाढी, आणि ओढ्यावरून पलीकडे गेला.

"टर्कीच होती," थर्मन म्हणाला.

"हो."

"तुला दिसली ना नीट?"

"दिसली."

थर्मनने डबी खिशात घातली. पानं शांत झाली. आता त्या रानात कोणी नव्हतं, दोघांनाही ते ठाऊक होतं. चाळीस वर्षांत तिथे कुजबुजण्यापलीकडे आवाज न काढलेल्या त्या माणसाने परत एकदा ओरडून, आधी आपलं आणि मग डेल्मरचं, दोघांची पूर्ण नावं सांगितली.