केरामावशीचं पिवळं मेंढरू

आमच्या शेजारच्या केरामावशींनी अजून समुद्र पाहिलेला नाही. त्यांचा सगळा जन्म सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांच्या मागं गेला. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा मुलगा बिरुदेव त्यांना सोलापूरला घेऊन आला, आमच्या अक्कलकोट रोडच्या वसाहतीत. बिरुदेव फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. सून सोनाली टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. दिवसभर घरात मावशी एकट्याच असायच्या. मागच्या भिंतीपलीकडं यंत्रमागांचा खडखडाट, आणि समोर काचेची ती पेटी.

पेटी एका डॉक्टरांची होती. समुद्राच्या पाण्याची, मासा पाळायची. आपल्या उन्हाळ्यात ते पाणी गार ठेवायला यंत्र लागतं, त्याची देखभाल बिरुदेव करायचा. डॉक्टर पुण्याला कायमचे गेले तेव्हा म्हणाले, "तुझ्याइतकी हिची काळजी दुसरं कोण घेणार?" आणि पेटी त्याला देऊन गेले. टीव्ही आतल्या खोलीत गेला आणि त्याच्या जागी समुद्र आला.

बिरुदेव बादलीत खास मीठ कालवून पाणी करायचा, मापून बघायचा, मगच पेटीत सोडायचा. मावशी त्याला टोमणा मारायच्या, "आमच्या कालवनात मीट हाय का न्हाय, हे कदी असं बघितलंस का रं?" मे महिन्यात घरातले पंख्याखाली घामानं निथळायचे आणि मासा थंडगार पाण्यात. मावशी म्हणायच्या, "फुडच्या जल्मी देवानं मासाच करावं. ते बी बिरूच्या घरातला."

मी रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की जरा वेळ तिथं जायची. पेटीत दगड होते आणि दगडांवर पोवळी. पोवळं मला ठाऊक होतं ते मंगळसूत्रातलं, लाल मण्याचं. ते समुद्रातल्या जिवांचं घर असतं आणि ते जीव उजेड पडला की फुलासारखे उमलतात, हे मी तिथं उभी राहून पहिल्यांदा पाहिलं. देवळात गेल्यासारखे माझे हात आपोआप जोडले गेले.

त्या पोवळ्यांत मासा एकच. तळहाताएवढा, पापडासारखा चपटा आणि अंगभर पिवळाधमक. शेंडीपासून शेपटीपर्यंत दुसरा रंग नाही. बिरुदेवनं सांगितलं, या जातीला टँग म्हणतात.

"टांग?" मावशी काचेला नाक लावून बघायला लागल्या. "ह्याला टांग कुटं हाय?"

"टांग न्हवं गं आई, टँग."

"आसंल. पर भंडाऱ्यात लोळून आलंय हे. आमच्या बिरोबाच्या जत्रंतनं."

खरंच, जत्रेत उधळलेल्या भंडाऱ्याचाच तो रंग. पण मावशींचा जीव त्याच्यावर जडला तो रंगामुळं नाही. दुसरे मासे म्हणे वरून टाकलेलं गिळतात. हा दगडावरचं हिरवं शेवाळ ओठांनी खुडत हिंडायचा. एक दगड झाला की दुसरा. मावशींनी पहिल्याच दिवशी ओळखलं, "अगं बाई, हे चरतंय की! मेंढरू हाय हे पान्यातलं."

तेव्हापासून त्यांना काम मिळालं. माशासाठी सुकवलेल्या समुद्री शेवाळाचे पातळ पापुद्रे मिळतात. बिरुदेव तो तुकडा चिमट्यात धरून काचेला लावायचा. मावशींना ते पटलं नाही. त्या साध्या पाण्यानं हात कोपरापर्यंत धुवायच्या, स्टुलावर बसायच्या आणि चारा स्वतःच्या बोटांत धरून हात पाण्यात सोडायच्या. वर जिभेनं टक् टक् करून हाक मारायच्या.

बिरुदेव हसायचा. "आई, माशाला तुजी भाषा कळतीया व्हय?"

"मेंढराला तरी कुटं मराटी येतंय? तरी येत्यातच की."

पहिले काही दिवस मासा लांबूनच बघायचा. मग जवळ यायला लागला. पुढं पुढं तर मावशी स्टुलावर बसल्या की दगडाआडून निघून थेट बोटांशी.

एका सकाळी सोनालीनं मला हाक मारली. माशाच्या पिवळ्या अंगावर पांढरे बारीक ठिपके उठले होते, कुणी मीठ शिंपडावं तसे. तो दगडाला अंग घासत होता. मावशी पेटीसमोर उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर नीट करून.

"देवी आल्यात," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

पूर्वी माणसांना देवी यायच्या ते आपण ऐकलं आहे. मेंढरांना अजूनही येतात. धनगराच्या घरात तो नुसता आजार नसतो, ती पाहुणी असते. तिचा मान ठेवायचा, मग ती सुखानं जाते. मावशींनी पेटीच्या लाकडी चौकटीला कडुलिंबाचा डहाळा बांधला. घरात फोडणी बंद. दारात कुणी चप्पल घालून यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. सोनाली बिनफोडणीचं वरण डब्यात नेऊ लागली. मीही माझ्या घरात फोडणी घातली नाही. भिंत एकच आहे, वास जातो.

बिरुदेवनं पाळायचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, या जातीला हा रोग लवकर धरतो. औषध आहे, पण पेटीत टाकायचं नाही. त्यानं पोवळी मरतात. मासा बाहेर काढा, वेगळ्या टबात ठेवा आणि तिथं औषध द्या. उशीर केलात तर जाईल.

बिरुदेवनं औषध आणलं, टब तयार केला, जाळी घेतली. जाळी पाण्यात शिरली आणि मासा जो दगडांच्या फटीत घुसला तो बाहेरच येईना. तो फट बदलायचा, पण हाती लागायचा नाही. दगड उचलावेत तर त्यांच्यावर वाढलेली पोवळी मोडतात. बिरुदेव घामाघूम झाला. शेवटी म्हणाला, "आई, तुज्या हाताला येतंय ते. तू काड."

"कशापायी?"

"औषध द्याया."

"मग न्हाय." मावशी खाली बसल्या. "देवी अंगात असताना औषध? तुज्या बानं हेच केलं हुतं."

बिरुदेवनं जाळी खाली ठेवली. मावशींनीच मला सांगितलं. एका साली कळपात देवी आल्या होत्या. धोंडीरामदादांनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी, कुणाचं तरी ऐकून मेंढरांना इंजेक्शनं टोचून घेतली. आठवड्यात निम्मा कळप आडवा झाला. मावशींच्या डोळ्यांसमोर कोकरं पाय झाडत गेली.

"उशिरा टोचलं म्हनून मेली ती," बिरुदेव म्हणाला.

"तुला काय ठावं? तू आंगड्या-टोपड्यात हुतास."

फटीतला मासा तोंड उघडत होता, मिटत होता. दुपारपर्यंत त्याचा पिवळा रंग मळल्यासारखा झाला. सोनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्याबाई, त्यो मरंल वो."

मावशींचे हात एकमेकांत घट्ट गुंतले होते. मला दिसत होतं, त्यांनाही तेच भय होतं. दोन्ही बाजूंनी त्यांचंच लेकरू जाणार होतं.

मी बिरुदेवला सहज विचारलं, "औषध असतं तरी कशाचं?"

"तांब्याचं, वैनी. तांब्याचा अंश पान्यात जातो, त्यानं त्या ठिपक्यातलं किडं मरत्यात."

मावशींनी मान वर केली. "कशाचं म्हनलास?"

"तांब्याचं."

"आपला देवाम्होरचा लोटा असतोय, त्येच तांबं?"

"त्येच की."

मावशी भिंतीला धरून उठल्या. देवघरासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तिथं तांब्याचा लोटा असतो, त्यातलं पाणी सकाळी सगळ्यांनी घ्यायचं. त्यांनी लोट्यात वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "तांब्यातलं पानी म्हंजे काय औषध न्हवं. तीर्थ हाय. देवीला तीर्थ चालतंय."

आम्हाला हायसं वाटेपर्यंत त्यांनी लोटा उचललासुद्धा आणि पेटीवर धरला. "मग बाहीर कशाला काडायचं? समद्यांस्नीच द्या की!"

बिरुदेवनं धावत जाऊन मनगट धरलं. "आई! पोवळ्यांस्नी इख हाय ते!"

लोटा तिरका होता होता राहिला. मावशी त्याच्याकडं, मग पोवळ्यांकडं बघत राहिल्या. "येकाला तीर्थ, येकाला इख?"

"व्हय."

"येकाच पेटीत ऱ्हानारी?"

"व्हय, आई."

त्यांनी लोटा खाली ठेवला. "देवाची करनी," एवढंच म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

बिरुदेवनं प्लास्टिकची मोठी बरणी पाण्यात आडवी धरली. मावशींनी चाऱ्याचा तुकडा बोटांत घेतला, हात बरणीच्या तोंडातून आत घातला आणि जिभेनं टक् टक् केलं. मासा हलला नाही. सकाळपासून त्याच्यामागं जाळी लागली होती, तो कशाला येतो? मावशींनी हात काढला नाही. पुन्हा हाक, पुन्हा थांबणं. सोनालीनं मागून आधार दिला तर म्हणाल्या, "हलू नगंस." मी मनात देवाचं नाव घेत होते.

मग फटीतून पिवळी कड दिसली. मासा तिरका झाला, बाहेर आला, बरणीपाशी थबकला. मावशींची बोटं तशीच. तो आत शिरला. त्यानं चारा खुडला नाही, इतका तो थकला होता. नुसता येऊन त्यांच्या बोटांना टेकला. बिरुदेवनं बरणी उभी केली. मावशींचा हात अजून आतच होता आणि तळहातावर तो पिवळा जीव विसावला होता.

टबातले दिवस मावशींनी त्याच्या शेजारी काढले. औषध मापून घालायचा बिरुदेव, आणि त्याआधी हात जोडायच्या मावशी. त्याशिवाय त्याला घालू देत नसत. ठिपके हळूहळू विरले. तो चारा खाऊ लागला. ठिपके गेल्यावरही मासेवाल्यानं अजून काही आठवडे, पेटीतल्या पाण्यातले किडे मरेपर्यंत, त्याला टबातच ठेवायला सांगितलं. मावशींनी दहीभाताचा नैवेद्य करून देवीची बोळवण केली. मीही माझ्याकडचं दही दिलं.

त्या संध्याकाळी बिरुदेवनं आईला फोनवर एक चित्रफीत दाखवली. लांबच्या कुठल्या समुद्रातली. निळ्या पाण्याखाली काळ्या खडकांवर असले पिवळे मासे, मोजता येणार नाहीत एवढे, सगळे मिळून चरत निघालेले. माळावरून मेंढरांचं खांड जावं तसे. मावशींनी फोन माझ्याही हातात दिला नाही. डोळ्यांपाशी धरून बघत राहिल्या.

"बिरू, एवढ्या खांडाला राकत कोन असंल रं?"

"समुद्रात कोन राकनार? कुनीच न्हाय."

मावशींनी त्याच्याकडं बघितलं, येड्याकडं बघावं तसं. "कुनीच न्हाय म्हनं! राकनारा नसता तर येवढी पिवळी ऱ्हायली असती व्हय?"

आणि पुन्हा फोनमध्ये बघायला लागल्या, कुठं कुणी उभा दिसतोय का ते.