लपवलेला पाण्याचा घोट

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "हा कॅन्सर नाही. ह्याला अ‍ॅकलेशिया म्हणतात." मी त्यांच्याकडे न बघता आत्याबाईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे बघितलं. डॉक्टरांनी नाव दिलं, पण माझा आजार खरं तर आत्याबाईंनीच पकडला होता.

ज्यांचा घास अडतो आहे, त्यांच्यासाठी हे पहिल्यापासून लिहिते. मी केलेला मूर्खपणा तुम्ही करू नका.

आम्ही देवळाली प्रवऱ्याचे, ऊसवाले. बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या दिवाळीत भाकरीचा घास माझ्या छातीच्या मध्यावर येऊन थांबला. सगळ्यांची जेवणं उरकून शेवटी बसायचं आणि भराभर खायचं ही सवय होतीच, त्यामुळे आधी घाईला दोष दिला. पण त्याच आठवड्यात पाणीही तसंच थांबायला लागलं.

पाण्याचं मी कोणाला सांगितलं नाही. आमच्याकडे माणूस जायच्या बेतात असला की तोंडात पळीभर पाणी घालून बघतात. "उतरलं" असं कोणी म्हणालं की घराला धीर येतो. नाही उतरलं तर पाहुण्यांना निरोप धाडतात. माझ्या आईला शेवटचं पाणी मीच घातलं होतं आणि ते ओठांच्या कडेने बाहेर आलं होतं. आपलं पाणी अडतंय हे बोलायचीच मला भीती वाटे. चौतिसावं वर्ष, पदरात सहा वर्षांची मुलगी. मला इतक्यात मरायचं नव्हतं.

मग मी युक्त्या काढल्या. उभ्याने प्यायचं, दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे, मान ताठ करून चार पावलं चालायचं, की पाणी एकदम खाली जायचं. सकाळी उशीला आदल्या दिवशीचं अन्न लागलेलं असे. तो अभ्रा मी सगळ्यांच्या आधी उठून धुऊन टाकी.

गावच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "भाकरीच अडते की पाणीसुद्धा?" मी म्हणाले, "भाकरीच." बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या इतकी मी वाळले होते. त्यांनी ह्यांना बाहेर बोलावून घेतलं. त्यांना गाठीची शंका आली, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. घरी आल्यावर हे माझ्याशी इतकं गोड बोलायला लागले की मी काय ते ओळखलं.

नगरच्या डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. मी तेच उत्तर दिलं. तोच मागून आत्याबाई म्हणाल्या, "खोटं बोलतीया ती. पानी बी उतरत न्हाई तिला. रांजनापाशी हात डोईवर घिऊन हुबी ऱ्हाती. म्या रोज बघती."

मला असा राग आला त्यांचा. सगळ्यांसमोर माझं मरणच सांगून टाकलं असं वाटलं.

डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं. "पहिल्यापासून दोन्ही अडतं?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग बाई, तुम्ही चांगली खूण लपवून ठेवलीत."

त्यांनी समजावून सांगितलं. गाठ असली की बहुतेक वेळा आधी भाकरी अडते, मग भात, आणि पाणी शेवटी. दोन्ही सुरुवातीपासून अडत असेल तर अन्ननलिकेची हालचाल बिघडल्याची शंका घ्यायची. त्यातही प्रकार आहेत. एकात नळी भलत्याच जोराने आवळते आणि छातीत कळ येते. दुसऱ्यात ती ढिली पडते आणि जठराच्या तोंडाशी असलेलं दार नीट उघडत नाही. हा दुसरा म्हणजे अ‍ॅकलेशिया.

खात्रीसाठी बेरियम स्वॅलो केलं, म्हणजे खडू कालवल्यासारखं पांढरं औषध पाजून एक्स-रे काढले. दुसऱ्या दिवशी घशातून दुर्बीण घालून बघितलं. मग दोन दिवस बाकड्यावर बसून वाट बघितली. आत्याबाई शेजारीच होत्या, पण मी त्यांच्याशी बोलत नव्हते. अखेर तो फोटो दाखवला. नळी वर फुगलेली, खाली मुळ्याच्या शेंड्यासारखी निमुळती, कडा गुळगुळीत. दुर्बिणीतही गाठ नव्हती. मी तिथेच आत्याबाईंचा हात धरला आणि रडले.

ऑपरेशनचं नाव मायोटॉमी. आवळलेल्या दाराचे स्नायू वरून उभे चिरून सैल करतात, आतल्या अस्तराला धक्का न लावता.

ते झाल्यावर आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता पाणी प्या. बसून प्या, हात खाली."

आत्याबाईंनी फुलपात्र भरून दिलं. मी एक घोट घेतला आणि हात मांडीवर ठेवले. गार पाणी न थांबता पोटापर्यंत गेलेलं मला कळलं. मी फुलपात्र रिकामं केलं आणि पुन्हा पुढे धरलं.

आता मी भाकरी खाते, ठेच्याबरोबर खाते, आणि सगळ्यांच्या पंगतीत बसून सावकाश खाते. तसा हुकूम आत्याबाईंनी घरात काढला आहे. डॉक्टरांचे आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हाला काय होतंय ते डॉक्टरांना सगळं सांगा, भीती वाटते ते तर आधी सांगा.

त्या दिवशी दुसरं फुलपात्र संपलं, तेव्हा आत्याबाई माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "उतरलं."