रिळाच्या शेवटच्या फ्रेम

स्टुडिओत त्याला सगळे घुबड म्हणत. का नाही म्हणणार? एकतीस वर्षांत कामाच्या वेळी माणूस डार्करूमबाहेर दिसला असेल तर शपथ! फोटो साहेब काढायचे, प्रिंट हा करायचा. कागदावर उजेड पडत असताना चेहरा उजळ राहावा म्हणून त्यावर तळहाताची सावली धरायची, कडा मात्र काळ्याभोर होऊ द्यायच्या, ही याची खोड. लोक म्हणत, साहेबांचा फोटो लांबूनही ओळखू येतो. साहेब गालातल्या गालात हसत, आणि हा बावळट त्यातच खूश!

साहेबांच्या रिळात शेवटी दोन-तीन फ्रेम उरत. वाया कशाला घालवायच्या, म्हणून तो कॅमेरा घरी न्यायचा आणि बायकोचे फोटो काढायचा. केस पुसताना, भाजी निवडताना, खिडकीत उभी असताना. ती लाजायची, "कुणाला दाखवाल तर बघा," म्हणायची. म्हणून प्रिंट डार्करूममध्येच, साहेबांच्या पाकिटांत लपवून ठेवलेले. जन्मात स्वतःचं म्हणून त्याने केलेलं काम तेवढंच.

बायको गेली, मग साहेबही गेले. साहेबांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं आणि पाकिटं तपासायला एक जाणकार बाई आल्या. त्यांनी खिडकीतला फोटो बाजूला काढला तसा म्हातारा पुढे सरसावला.

"बाई, हा मी काढलाय. ही माझी बायको."

"आजोबा, रीळ साहेबांचं, पाकीट साहेबांचं," बाई समजुतीने म्हणाल्या. "आणि या काळ्या कडा, हा उजळ चेहरा! साहेबांची शैली मी झोपेतसुद्धा ओळखेन."

"अहो, त्या कडाच माझ्या आहेत!"

बाईंनी त्याच्यासाठी पाणी मागवलं. साक्षीला आणायचं तरी कुणाला? डार्करूममध्ये दुसऱ्या कुणी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

प्रदर्शनाला तो मुलीला घेऊन गेला. निदान तिला तरी सगळं सांगू, असं त्याने ठरवलं होतं. भिंतभर तिची आई. खाली पाटी होती: 'ही स्त्री कोण, ठाऊक नाही. पण इतक्या मायेने साहेबांनी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेलं दिसत नाही.'

मुलीने पाटी दोनदा वाचली.

"बाबा, ही आपल्या घरातली खिडकी आहे ना?" तिचा आवाज अगदी खाली गेला. "तुम्ही कामावर असायचात, तेव्हा साहेब घरी यायचे?"

"अगं, मीच काढलाय तो. मी!"

"बरं बाबा," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता त्याचा हात धरून त्याला बाहेर घेऊन गेली.