शुक्रवारचं मटण

कामणला माझं मसाले पॅकिंगचं युनिट आहे. तिथली बायकांची शिफ्ट सांभाळणारी बाई सोडून गेली आणि मोठी ऑर्डर तर महिन्यावर आलेली. शिफ्ट बघणारं खमकं माणूस मिळालं नाही, तर ऑर्डर हातची जाणार होती.

केबिनमधल्या मुलाखतींचा मला वीट आलाय. माणसं इस्त्रीचे कपडे घालून येतात आणि उत्तरंही इस्त्री केलेलीच देतात. त्यापेक्षा मी त्यांना आचोळ्याला घरी जेवायला बोलावते. ताटावर बसलं की माणूस कळतो. धंद्यातल्या ओळखीही अशाच जोडल्यात मी.

मला हवी होती ती बाई वसईची, पाचूबंदरची. तिची आधीची कंपनी बंद पडली होती. तिला बोलावलं आणि सोबत एका टेम्पोवाल्यालाही, म्हणजे मालाच्या वाहतुकीचं बोलणं उरकेल. त्याला सोमवार, गुरुवार, शनिवार चालत नाही, मला मंगळवार. म्हणून विचार करून शुक्रवार ठरवला आणि झणझणीत मटण केलं.

टेम्पोवाला तुटून पडला. ती मात्र वरणभात आणि कोशिंबीर खाऊन उठली. आग्रह केला तर नुसती हसली. नोकरीचं विचारलं तर म्हणाली, "घरी बोलून सांगते." माझं डोकंच फिरलं. एवढा नखरा? मनातल्या मनात मी तिच्यावर काट मारून टाकली.

उरलेलं मटण डब्यात घालून खालच्या मजल्यावरच्या ख्रिस्ती शेजारणीकडे नेलं. तिने झाकणही न उघडता डबा परत दिला. "अगं, आमचा उपवासकाळ चालू आहे. त्यात आज शुक्रवार."

पाचूबंदरची ती बाईही ख्रिस्तीच! सगळ्यांचे वार पाहिले होते, तिचा तेवढा पाहिला नव्हता. इतकी वर्षं वसईत राहून! मला स्वतःचीच लाज वाटली, पण लाजत बसायला वेळ नव्हता. लगेच तिला फोन लावला.

"अहो, मला सांगायचं तरी."

"तुम्ही एवढ्या हौसेने केलं होतं," ती म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी तुम्ही या आमच्याकडे. सासूबाईंना तुम्हाला बघायचंय."

म्हणजे आता मुलाखत माझी.

सासूबाईंनी वालाची भाजी आणि तांदळाची भाकरी वाढली आणि समोरच बसल्या. मी पगार सांगितला, सुट्ट्या सांगितल्या, चहा-नाश्ताही सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पानी घे बाय," त्या म्हणाल्या. "आनि सांग, काम सुटल्यावर बायांना घरी कोन सोडतं?"

शिफ्ट रात्री आठला सुटते. त्या वेळी गोदामांच्या रस्त्याला रिक्षा मिळत नाही, हे मला माहीत होतं, कारण मी रोज माझ्या गाडीने त्याच रस्त्याने घरी जाते. आधीची बाई का सोडून गेली, हे मी तिला कधी विचारलंही नव्हतं.

"आत्तापर्यंत कोणीच नाही," मी म्हटलं. "यापुढे गाडी असेल. दारापर्यंत."

"मग आधी गाडी. सून त्याच्यानंतर."

सून मान खाली घालून जेवत होती, पण तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

तिथून निघताच टेम्पोवाल्याला फोन केला. "मटण चापलंस ना? आता बायकांना बसता येईल अशी गाडी बघून दे." त्याने कुरकुर केली. मी ऐकणार नव्हतेच. गाडी मिळाली, मग ती कामावर आली आणि ऑर्डरही वेळेत सुरू झाली.

पहिल्या दिवशी मी स्वतः गाडीत बसून एकेका बाईला सोडत गेले. सर्वांत शेवटी पाचूबंदर. सासूबाई दारातच उभ्या होत्या. सून उतरली, तशा त्या खिडकीशी आल्या. आता शाबासकी देतील, असं मला वाटलं.

"उद्या पन आन गाडी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.