मोसम सोडून आलेला दिगूमामा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. फोन लातूरहून होता. तो ज्या वसतिगृहाचा रेक्टर होता, तिथल्या कोचिंग क्लासच्या ऑफिसातून. पलीकडचा माणूस फार अदबीनं बोलत होता आणि मुद्द्यावर येत नव्हता. "मॅडम, सर संध्याकाळी पोरांबरोबर खाली खेळत होते... जरा बसतो म्हणले... भिंतीला टेकून बसले..." मग तो थांबला. मी "बरं" म्हणाले. आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिला सांगायला उठले, तर तिनं माझ्या तोंडाकडं पाहून विळी बाजूला सारली आणि विचारलं, "दिगू का?" तिनं नात्यातल्या दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. जणू या फोनची ती बरीच वर्षं वाट पाहत होती.

दिगंबर माझ्या आईचा धाकटा भाऊ. तो फुटबॉल खेळायचा, आणि त्यावरच त्याचं पोट होतं. लातूरच्या माणसानं असं काही करावं हे आमच्या नात्यात कुणाला नीट कळलंच नाही. लातूरला मामाच्या घराशेजारच्या गल्लीत हबीबचाचा नावाचे शिंपी होते. ते तरुणपणी हैदराबादला शिवण शिकायला गेले आणि खेळही शिकून आले. संध्याकाळी मशीन झाकून ते गल्लीतल्या पोरांना घेऊन माळावर जायचे. त्या घोळक्यात आमचा मामा. तो डावखुरा होता, डाव्या पायाचाही. चाचांनी त्याला बचावाच्या फळीत डाव्या टोकाला उभं केलं आणि पुढं जिथं जिथं गेला तिथं त्याची जागा तीच राहिली. डाव्या पायाचे खेळाडू कमी असतात. एखाद्या संघाचा लेफ्ट बॅक जायबंदी झाला की मामाला बोलावणं यायचं. कोल्हापूर, पुण्यातल्या एका कारखान्याचा संघ, मुंबईतली एक बँक, हैदराबाद, केरळात सात-सात जणांच्या स्पर्धा, कोलकात्यात दुसऱ्या श्रेणीत एक पावसाळा... कुठंही एक मोसम. मोसम संपला की क्लबचा सेक्रेटरी एकेकाला आत बोलावून पुढच्या वर्षाचं बोलायचा. मामाला आत बोलावायचे ते हिशेब संपवायला. कुणी त्याला वाईट म्हणत नव्हतं. त्यांचा नेहमीचा माणूस बरा होऊन परत आलेला असायचा, इतकंच. मामाला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी म्हणावं, पुढच्या वर्षीही राहा. हे तो स्वतः कधी बोलला नाही. पण एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडं नांदेडला आला की आई ताट वाढता वाढता विचारायची, "काय म्हणले रे?" आणि तो म्हणायचा, "चांगले लोक होते, ताई." त्यावरून आम्हाला समजायचं.

मी इंग्रजी शाळेत जाते याचं त्याला फार अप्रूप होतं. तो इंग्रजी पेपर घेऊन यायचा आणि मला सामन्याची बातमी मोठ्यानं वाचायला लावायचा. मी लाजाळू होते. घरच्यांसमोरही वाचताना माझा आवाज बसायचा. बातमीभर दुसऱ्यांचीच नावं असायची. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत संघाची यादी, तिथं मामाचं आडनाव. तो भाकरी खाता खाता म्हणायचा, "आता शेवटची ओळ वाच." मी ती वाचली की मान हलवायचा आणि पेपर घडी करून उशाशी ठेवायचा. मग ज्या वर्षी तो गोव्याला गेला, त्या वर्षी एक पेपर पोस्टानं आला, आणि त्याचं नाव मधल्याच परिच्छेदात होतं. सामना अनिर्णित ठेवण्यात त्याचा वाटा मोठा होता, असं लिहिलं होतं. आईनं ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. त्या क्लबमध्ये तो कुणाच्या बदली खेळत नव्हता. जागा त्याचीच होती. तिथल्या प्रशिक्षकानं त्याला सांगितलं होतं, असाच खेळत राहा, डिसेंबरात पुढच्या वर्षाचं बोलू.

त्याच वर्षी, गणपती बोळवल्यानंतरच्या पहाटे, भूकंप झाला. नांदेडला आमच्या फळीवरची भांडी वाजली, दिवा हलला, आणि आम्ही रस्त्यावर येऊन उभे राहिलो. शेजारीपाजारी हसत होते, एकमेकांच्या अवताराकडं पाहत होते. रेडिओ लागला तेव्हा हसणं थांबलं. आमच्याकडच्या माणसाला किल्लारी म्हटलं की कळतं, औसा-उमरग्याकडचा पट्टा म्हटलं की कळतं. पण बाहेरच्या जगाला बातमी गेली ती एका शब्दाची, लातूर. गोव्यात खेळाडूंच्या मेसमध्ये नाश्त्याच्या टेबलावर मामानं तोच शब्द ऐकला. लातूर जमीनदोस्त. त्याची आई लातूरच्या त्या गल्लीत एकटी राहत होती. फोन लागत नव्हते, आमचाही लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याचा सामना होता. मॅनेजर म्हणाला, एवढा सामना खेळ, तोवर फोन सुरू होतील, मग खुशाल जा. मामानं ऐकलं नाही. बूट पिशवीत टाकले आणि तो बस धरून निघाला. बेळगाव, सोलापूर, पुढं मिळेल त्या ट्रकनं. सोलापूरच्या स्टँडवर जो तो लातूरचंच बोलत होता, आणि लातूर शहराचं कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

तो गल्लीत शिरला तेव्हा आजी उंबऱ्यावर बसून मेथी निवडत होती.

"आँ? तू रं कसा काय? सुट्टी हाय का?"

"तू बरी हायस ना?"

"मला काय धाड भरली? भिताडाला तडा गेलाय. आन फळीवरचा लोटा पडला, बघ. चेपलाय."

आमच्या घरात हा लोटा पुढं फार गाजला. लग्नाकार्यात जेवणाच्या पंगतीत माझे वडील हमखास सांगायचे, "आमचे मेहुणे एका लोट्यापायी गोवा सोडून आले." मामा न रागावता म्हणायचा, "पितळी होता भाऊजी. लई जड." सगळे हसायचे. तोही हसायचा, पण इतरांच्या आधी थांबायचा. मी कोपऱ्यात बसून लोकांकडं पाहणारी मुलगी, म्हणून ते मला दिसायचं.

त्यानंतर तो हबीबचाचांच्या मुलांबरोबर किल्लारीकडं गेला आणि बरेच दिवस तिकडंच राहिला. तिथं काय उपसलं, काय पाहिलं, याबद्दल त्यानं कधी एक वाक्य सांगितलं नाही. दिवाळीनंतर गोव्याला गेला तर त्याच्या जागी केरळचा एक तरुण मुलगा खेळत होता, आणि चांगला खेळत होता. "नीट वागवलं त्यांनी," मामा आईला म्हणाला. "चहा पाजला. डिसेंबरची वाट कशाला बघायची म्हणले." पुढं त्याला बोलावणं आलं नाही. वय झालं होतं, गुडघाही कुरकुरत होता, आणि ऐन मोसमात निघून जाणारा खेळाडू अशी त्याची ओळख पक्की झाली होती.

तोवर लातूर बदलायला लागलं होतं. बोर्डाच्या निकालात लातूरची पोरं वर यायला लागली आणि क्लासेसचं पीक आलं. आजीच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या माडीवर खोल्या निघाल्या, दारोदारी सायकली लागल्या, भिंतींवर डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांचे फोटो झळकू लागले. एका क्लासवाल्या सरांना वसतिगृहासाठी शिस्तीचा माणूस हवा होता. मामा रेक्टर झाला. मलाही अकरावीला लातूरला धाडायचं ठरलं, आणि पोचवायला मामाच आला.

लोह्याजवळ आमची एसटी बंद पडली. चहाच्या टपरीसमोर उन्हात उभं राहून आम्ही दुसऱ्या गाडीची वाट पाहत होतो. मला डॉक्टर व्हायचं नव्हतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. कदाचित म्हणूनच, जे कधी विचारलं नसतं ते मी विचारलं.

"मामा, एक दिवस थांबायला हवं होतं असं तुला वाटतं का? गोव्याला?"

"थांबलो असतो आन घर पडलं असतं तर?"

"पण पडलं नाही ना."

"ते मला सोलापूरला म्हाईत न्हवतं." त्यानं चहाचा ग्लास टपरीवर ठेवला. "एक सांगू का... कोपऱ्यावरून वळलो आन घर उभं दिसलं. आई मेथी निवडून राहिलेली. तेव्हा आधी आनंद न्हाई झाला. आधी राग आला. वाटलं, हे उभंच हाय... मग माझं काय? पुढल्या घडीला लाज वाटली. आपण काय मागून राहिलो हे कळलं. त्या लाजंपायी गेलो किल्लारीला. लोक म्हणले, किती सेवा केली. कसली सेवा..." तेवढ्यात गाडी आली. चढताना तो म्हणाला, "आजीला बोलू नको." मी बोलले नाही. आता आजीही नाही आणि तोही नाही, म्हणून लिहिते आहे.

लातूरची माझी ती दोन वर्षं घोकण्यात गेली. मी डॉक्टर झाले नाही. नांदेडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, ते मला जमतं. पण त्या दोन वर्षांत मामाला काम करताना पाहिलं. वसतिगृहामागं मोकळा तुकडा होता, अर्ध्यात पाण्याची टाकी, अर्ध्यात मोटारसायकली. दुपारचे क्लास सुटले की रात्रीच्या अभ्यासाआधी तो पोरांना तिथं अर्धा तास खेळू द्यायचा. ज्या बाजूला गडी कमी पडेल त्या बाजूला स्वतः डावीकडं उभा राहायचा. क्लासवाल्या सरांना हे पसंत नव्हतं. "पालक खेळायला पैसे देत नाहीत," ते म्हणायचे. मामा "हाव, सर" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिट्टी मारायचा.

निकालाच्या दिवसांत एक मुलगा टाकीपाशी बसून रडत होता. मार्क कमी पडले होते, वडिलांनी पुन्हा एक वर्ष रिपीटर म्हणून बसायला सांगितलं होतं. मामा त्याच्याशेजारी बसला. "अरे बाबा, मी एवढे क्लब फिरलो, मला एकानंबी रिपीट केलं न्हाई. तुला करून राहिले तर रडतो कशाला?" पोरगं रडता रडता हसलं. मामाही हसला.

त्याची एक गोष्ट मात्र सुटली नाही. दर मे महिन्यात वसतिगृह रिकामं झालं की, खेळायच्या दिवसांतल्यासारखाच, तो सगळं सामान बांधून नांदेडला यायचा. गादी, बादली, कपडे, झाडूसुद्धा. पुढच्या वर्षी राहा असं त्याला कुणी म्हणालेलं नसायचं, म्हणून त्यानं धरूनच चालायचं की आपलं संपलं. मग जूनमध्ये क्लासवाल्या सरांचा वैतागलेला फोन, "अहो सर, पोरं आली, तुम्ही कुठं?" मामा पुन्हा सगळं बांधायचा. आई चिडायची, "एकदा विचारून का घेत नाहीस?" तो म्हणायचा, "विचारलं आन न्हाई म्हणले तर?"

मार्चमध्ये तो गेला. दहावा-तेरावा झाल्यावर त्याची खोली रिकामी करायला वडील आणि मी गेलो. सामान बांधायला सुतळी, पोती नेली होती. क्लासवाले सर दारापर्यंत आले, सावकाश करा म्हणाले, आणि निघून गेले. मग मेस चालवणाऱ्या सुमनमावशी पदराला हात पुसत वर आल्या. मामाच्या पलंगावर बसल्या आणि आपणहून सांगू लागल्या.

"संक्रांतीच्या मागंच बोलले मी त्यान्ला. म्हणलं, सर, दर साली बोचकं बांधून नेता आन जूनला माघारी आणता. झाडू बी नेता! ह्या उन्हाळ्याला राहा की हितंच. सुट्टीतल्या कोर्साची पोरं येतेत, त्यान्ला कोण बघंल?"

"मग?" वडिलांनी विचारलं.

"मग काय... म्हणले, कुणी म्हणलंच न्हाई मावशी. म्या म्हणलं, आता म्या म्हणून राहिले की! माझं म्हणणं म्हणणं न्हाई का? मग म्हणले, बरं, राहतो."

वडील खिडकीकडं वळले. लोट्याची गोष्ट सांगणारा तो माणूस खिडकीचा गज धरून उभा राहिला, आणि मग मला म्हणाला, "तू बांध, मी खाली आहे."

सुमनमावशींनी दाराआडच्या कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं विटांवर वाळू पसरून एक नवा माठ बसवला होता. ते बोलणं झालं त्याच आठवड्यात मामानं बाजारातून तो आणला होता, उन्हाळा यायला अजून अवकाश असताना. माठ बरेच दिवस भिजवून, पाणी बदलत बदलत मुरवावा लागतो, म्हणून. इतक्या वर्षांत मामाच्या खोलीत मी माठ कधी पाहिला नव्हता. उन्हाळा त्यानं कुठल्या क्लबात काढला नाही, आणि इथंही नाही.

मी झाकण उचललं. माठ काठोकाठ भरलेला होता.

"पोरं भरतेत," मावशी म्हणाल्या. "म्या काय सांगितलं न्हाई. क्लासातून येतेत, पितेत, आन जो शेवटचा तो भरून ठेवतो."

मी बाकी सगळं बांधलं. खाली वडिलांनी विचारलं, काही राहिलं का वर? मी नाही म्हणाले. माठ मात्र आणला नाही. मी खोलीतून निघाले तेव्हा मावशींनी त्याच्याभोवतीचं फडकं काढून पिळलं, पुन्हा ओलं करून गुंडाळलं, आणि खोलीचं दार उघडंच ठेवलं.