आबांच्या हातातला बावटा

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. कासारवाडीजवळचं आमचं गाव मुंबई रस्त्याच्या एका अंगाला आणि निम्मी शेतं रस्त्याच्या पलीकडे. पूर्वी त्या रस्त्यावर मोटार दिसली तरी पोरं बघायला धावायची. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली आणि लॉऱ्यांची रीघ लागली. एकदा एका लॉरीनं बैलगाडी उडवली, बैल जागीच गेला, तेव्हा कुठे ग्रामपंचायतीला जाग आली. ठरलं की शेतवाट जिथे रस्ता ओलांडते तिथे एक माणूस उभा करायचा. त्यानं लाल बावटा दाखवला की थांबायचं, हिरवा दाखवला की जायचं. लॉरीवाल्यांवर पंचायतीची सत्ता चालत नव्हती, म्हणून थांबायचं ते गावानंच.

पहिल्यांदा नेमला तो तिशीतला एक गडी. त्याला कोण भीक घालतो? "तू कवापास्नं आमाला अडवाया लागला रं?" म्हणत लोक खुशाल बैल हाकायचे. मग पंचांनी डोकं लढवलं आणि आबांना, म्हणजे माझ्या वडलांना गळ घातली. गाव सगळं एका भावकीचं आणि आबा तिच्यातले थोरले. आबा फेटा बांधून रस्त्याकडेला उभे राहिले आणि गाव सुतासारखं सरळ झालं.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. ठरवणारे सगळे शहाणे बाप्ये होते ना! गावातल्या बहुतेक सुनांचे आबा सासरे लागत, कुणाचे सख्खे, कुणाचे चुलत. सुनेनं थोरल्या सासऱ्यापुढे पदर नाकापर्यंत ओढायचा, मान खाली घालायची आणि समोर न रेंगाळता चटकन निघून जायचं. म्हणजे ज्याच्या हातात बावटा, त्याच्याकडे बघायचीच चोरी. बायका घोळक्यानं जायच्या, पुढे एखादी म्हातारी सासू बावटा बघायची, म्हणून निभावत होतं. पंच उलट कौतुक करायचे, बाया बघा कशा शिस्तीत जातात. जळो ती शिस्त.

माझी वहिनी नुकतीच लग्न होऊन आली होती. घरात माझी वेणी घालणारी आणि माझ्या खोड्या आईपासून लपवणारी तीच एक. आबा तिच्याशी कधी बोलले नाहीत. राग नव्हता, रीतच तशी होती. ती दोन हातांवर चुलीपाशी बसलेली असायची आणि आबा मला सांगायचे, "तिला म्हनावं, भाकरी झ्याक झालीया." मी मान वळवून तेच तिला पुन्हा सांगायचे. वहिनी पदराआड हसायची, आणि आबाही मिशीतल्या मिशीत हसायचे. दोघांची एकमेकांवर माया होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

त्या दिवशी आई तापानं फणफणली होती. सुगी चालू होती, दादा पलीकडच्या शेतात होता. वहिनी भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन एकटीच निघाली. पुढचं मी पाहिलं नाही, रस्त्याकडेच्या हाटेलवाल्यानं आम्हाला सांगितलं. तळेगावकडून लॉरी भरधाव येत होती. आबांनी लाल बावटा धरला. वहिनीला मामंजींचे जोडे दिसले असतील, तेवढेच. तिनं पदर आणखी पुढे ओढला आणि भराभरा पावलं उचलली. आबा बावटा जोरजोरानं हलवायला लागले. मामंजी हात हलवतात म्हणजे लवकर जा म्हणतात, असंच तिला वाटलं असणार.

"आबा वरडले," हाटेलवाला रडत सांगत होता. "पर तिला न्हाई. आमच्याकडं तोंड करून वरडले. आरं कुनीतरी सांगा तिला, थांब म्हनावं!"

सांगायला तिच्याजवळ कुणीच नव्हतं.

पंचायतीनं मग परगावचा माणूस नेमला. तो कुणाचा सासरा नव्हता, दीर नव्हता. बाया मान वर करून त्याच्या बावट्याकडे बघायच्या आणि थांबायच्या. इतकं साधं होतं. मी आबांवर पुष्कळ दिवस धुमसत राहिले. 'पोरी, थांब' एवढे दोनच शब्द लागत होते. पण जन्मात जे तोंडातून कधी निघालं नाही, ते त्या घटकेला कुठून निघणार?

वर्षाच्या आतच दादाचं दुसरं लग्न लावलं. नवी वहिनी माप ओलांडून आत आली आणि नाकापर्यंत पदर घेऊन आबांच्या पाया पडली. घर भावकीनं भरलेलं. आबांनी मला हाक मारली नाही. ते तिलाच म्हणाले, "पोरी, पदर मागं घे. वर बघ माज्याकडं."

बायकांत कुजबूज झाली, आई चपापली. त्या पोरीनं पदर मागे सारला आणि वर बघितलं. आबांना मात्र तिच्याकडे बघवेना. त्यांची मान खाली गेली होती आणि ते तसेच उभे राहिले.