फॉर्मवरची बहीण

आधी मी संस्थेला फसवलं, मग संस्थेने मला. माझी फसवणूक एका नावाएवढी होती. त्यांनी मात्र माझ्या डोक्यावरचं छप्पर काढायला घेतलंय. अपराध कुणाचा मोठा, ते वाचून तुम्हीच ठरवा.

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बाजारात गिऱ्हाईक नसताना मोबाईलवर वाचते, आणि खोटं कशाला बोलू... बहुतेक वेळा हसते. बाधा, चाहूल, अंगात येणं – माझा कशावरच विश्वास नव्हता. मी सुकी मासळी विकते. बोंबील हातात घेतला की तो किती जुना आणि विकणारा किती खोटारडा हे मला एकदम कळतं. आपल्याला कोणी सहज गंडवू शकत नाही, अशी माझी खात्री होती.

माझं नाव हिरा. गाव मुरबे. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर दिरांनी महिन्याभरात माझी चूल वेगळी केली आणि वर्षभरात खोलीची चावी मागितली. एक पाटी डोक्यावर घेऊन मी बोईसरला आले. आज बाजारात माझा स्वतःचा ओटा आहे, एमआयडीसीकडच्या चार खानावळींना माझा जवळा जातो, मनोरच्या बाजाराला टेम्पोत माल जातो. सगळं भांडून मिळवलं. भांडूनही मिळेना ती फक्त राहायला खोली. चाळमालक आधी गोड बोलायचे, मग धंदा काय म्हणून विचारायचे. "सुकी मासळी" म्हटलं की तीच खोली कालच त्यांच्या भाच्याला दिलेली असायची. वास येतो म्हणे! खाताना येत नाही.

तेव्हा कळलं की बोईसर पूर्वेला एक गृहनिर्माण संस्था कष्टकऱ्यांना परवडणाऱ्या भाड्यात खोल्या देते. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. ऑफिसात सावे नावाचे क्लार्क होते. डोळे वर न करता म्हणाले,

"मावशी, एकट्या माणसाला खोली नाय. कमीत कमी दोघं पायजेत. नियम हाय."

"का? एकट्या माणसाला पाठ टेकायला नाय लागत?"

"एकटा माणूस खोली घेतो नि आत धा जण भरतो. मग पाणी पुरत नाय नि लोक मला शिव्या घालतात."

"मी काय कोंबड्या पाळतेय, धा भरायला?"

तासभर वाद घातला. मागे रांग वाढत होती, माझं डोकं तापलं होतं. शेवटी टेबलावर हात आपटून म्हटलं, "लिहा. माझी बहीण. शेवंती."

मला बहीण नाही. कधीच नव्हती. चार भावांत मी एकटी. सावेंच्या मागे गणपतीच्या फोटोला शेवंतीचा हार होता, तो दिसला आणि तोंडातून नाव गेलं. वय माझ्यापेक्षा सहा वर्षांनी कमी सांगितलं. आधार कार्ड? "दुरुस्तीला दिलंय. नंतर आणते." सावेंनाही खोल्या भरायच्या होत्या. मला बी विंग, तिसरा मजला, शेवटची खोली मिळाली. खोलीतल्या स्वयंपाकाच्या ओट्याला नवीन नळसुद्धा त्यांच्याकडूनच बसवून घेतला.

आता इथला एक नियम समजून घ्या. कुणी पोटभाडेकरू ठेवू नये म्हणून दर तीन महिन्यांनी सावे भरदुपारी रजिस्टर घेऊन प्रत्येक खोलीशी येतात आणि फॉर्मवरच्या सगळ्या माणसांच्या सह्या घेतात. बहीण बाहेर गेलीय म्हणायचं आणि वेळ मारून न्यायची, असं मी ठरवलं होतं. पण पहिल्याच खेपेला ते आले तेव्हा मी मनोरला. दुसऱ्या दिवशी धावत ऑफिसात गेले.

"तुमचीच सही राहिली," सावे म्हणाले. "बहिणीने केली. पाणी पन दिलं मला. तुमच्यापरीस माणूस बरं हाय."

मी मनात हसले. जिने चढायचा कंटाळा आला, घरी बसून यानेच सही ठोकली... वा सावे, तूही आमच्यातलाच! माझ्या फायद्याचं होतं म्हणून मी गप्प राहिले. मूठभर जवळा कमी आला तरी रस्ता डोक्यावर घेणारी बाई मी. तिथे गप्प बसले, हीच माझी चूक.

मग एका सकाळी शेजारची मीनादेवी आली. तिचा नवरा कंपनीत आहे, मूळ बिहारचे. तिच्या हातात घासलेली ताटली.

"दीदी, आपकी बहन ने जो सूखी मछली की चटनी भेजी थी ना, बच्चे प्लेट चाट गए."

"कौन बहन?"

"लो! शेवंतीदीदी, और कौन?"

नाव वॉचमनच्या यादीत होतं, तिथून तिला कळलं असेल. पण ताटली माझी होती. कडेला माझ्या नवऱ्याचं नाव कोरलेलं. आत जाऊन बोंबलांची जुडी सोडली आणि मोजली. सहा कमी होते.

कुणी बाई चावी बनवून आत शिरते, असा माझा पहिला संशय. कुलूप बदललं, एकुलती एक चावी कमरेला लावली. आठ दिवसांनी मीनादेवी सांगत आली की शेवंतीदीदीने तिच्या मुलीच्या वेण्या घातल्या – आमच्याच दारात बसून. मग मी एक दिवस ओटा बंद ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दाराला आतून कडी लावून सकाळपासून बसून राहिले. कोणी आलं नाही. दुपारी दार वाजलं, ती मीनादेवी. "आज आप घर पे? शेवंतीदीदी कहाँ गई?" माझ्या खांद्यावरून तिने आत पाहिलं. खोलीत मी एकटीच आहे हे दिसल्यावर तिचं तोंड उतरलं. मला पाहून कुणाचं तोंड उतरणं नवीन नाही, पण ते बाजारात. घराच्या दारात ते लागलं.

पुढच्या महिन्यात जे झालं त्याला काय म्हणावं, मला अजून कळत नाही. दुपारचे दोन. लख्ख ऊन. माल लवकर संपला म्हणून मी परतले होते. मीनादेवी खाली कंपाउंडमध्ये चादरीवर पापड वाळत घालत होती आणि मान वर करून कुणाशी तरी हसत बोलत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ती पाहत होती ती माझी खिडकी. पडदा बाजूला होता, दोरीवर माझा टॉवेल होता. माणूस नव्हतं. मी डोळे चोळून पाहिलं. नव्हतंच.

"आ गई आपकी दीदी!" मीनादेवी वर ओरडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अंदर चली गई. आपसे डरती है क्या?"

तीन जिने मी कसे चढले ते मला आठवत नाही. कुलूप मी लावलं तसंच. आत काहीही हललेलं नव्हतं.

खाली येऊन मीनादेवीच्या शेजारी बसले. पहिल्यांदाच बसले असेन. कशी दिसते विचारलं. बारीक, माझ्यापेक्षा उजळ, हसताना तोंडावर हात धरते. पोरांची सगळी नावं पाठ. "मेरे बारे में क्या बोलती है?" मीनादेवी आधी टाळत होती, मग म्हणाली, "बुरा मत मानना. बोलती है, दीदी दिन भर बाजार में इतना बोलती है, और घर आके एक शब्द नहीं. खाती है, सो जाती है."

खरं होतं. बोलणार कुणाशी? भिंतीशी?

पण त्या संध्याकाळपासून मी बोलू लागले. जवळा निवडताना, भाकरी थापताना, मोठ्याने. आधी बाजारातलं – कोण उद्धट वागलं, कुणाला कसं सुनावलं. मग दिरांचं. मग असं काही, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं... नवऱ्याला पालघरच्या दवाखान्यात नेताना मी रिक्षावाल्याशी घासाघीस करत उभी राहिले होते आणि तो आजारी माणूस रिक्षाच्या दांड्याला धरून माझी वाट पाहत होता. हे मी रिकाम्या खोलीत बोलले. उत्तर आलं नाही. चाहूल नाही, सावली नाही. तरी मी बाजारातून लवकर घरी यायला लागले, हे कबूल करते.

गेल्या महिन्यात दाराला नोटीस चिकटवलेली. खोलीत आता एकच व्यक्ती राहते, नियमाप्रमाणे तीस दिवसांत जागा रिकामी करावी. ती फाडून घेऊन मी ऑफिसात गेले.

"बहीण सोडून गेली," सावे म्हणाले. "सोता येऊन फॉर्म दिला. माझ्या हातात."

"मला बहीण नाय! ती नवतीच कदी!"

"नवती?" त्यांनी चष्मा काढला. "मग तुमी फॉर्म खोटा भरला?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं तोंड बंद केलं. ती होती म्हणावं तर ती गेली, म्हणून खोली जाते. नव्हती म्हणावं तर मी लबाड, म्हणूनही खोली जाते.

मी फॉर्म पाहायला मागितला. शेवंतीची सही, रजिस्टरातल्यासारखीच. बारीक, तिरकं, देखणं अक्षर. सावेंचं अक्षर मी ओळखते, ते तसं नाही. आणि जागा सोडण्याच्या कारणासमोर तिने दोनच शब्द लिहिले होते – "सोबत नाही."

माझा चेहरा पाहून सावेंना दया आली असावी. हळूच म्हणाले, "मावशी, दुसऱ्या कुनाचं नाव टाका. आधार नंतर आना." कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. दहा नावं सुचत होती. पेन उचललं आणि खाली ठेवलं. आणखी एकीला बोलवायचं आणि तीही अशीच निघून जायची... नाही जमलं.

मीनादेवी दोन दिवस रडत होती. शेवंती निघाली तेव्हा तिची पिशवी धरून रिक्षापर्यंत गेली होती म्हणे. मी विचारलं, माझ्यासाठी काही निरोप? तिने मान हलवली. नाही.

सावेंनीच सगळं रचलं म्हणावं, तर त्यांना त्यातून काय मिळालं? मीनादेवी खोटं बोलते म्हणावं, तर ते अश्रू कसले? माझं डोकं फिरलंय म्हणावं, तर तिला पाहणारी मी नव्हे – मी सोडून बाकी सगळे आहेत. ज्यांच्याकडे उत्तर असेल त्यांनी इथे लिहावं.

पण दोन गोष्टींचा जाब मी मागणारच. ज्या बाईचं आधार तुम्ही कधी पाहिलं नाही, तिच्या सहीवर मला घराबाहेर कसं काढता, हे संस्थेच्या अध्यक्षांनी लेखी सांगावं. तोवर मी खोली सोडत नाही, कुलूप तोडायला या.

आणि शेवंती, जिथे असशील तिथून तूही सांग. सावेंना पाणी दिलंस, परक्या पोरींच्या वेण्या घातल्यास, खिडकीतून साऱ्या बिल्डिंगशी हसलीस. मी रोज संध्याकाळी तुझ्याशी बोलत होते, घसा सुकेपर्यंत. एकदा नुसतं "हं" म्हणायला तुझं काय जात होतं? सोबत नाही असं लिहून गेलीस – कुणाला नव्हती सोबत? तुला की मला?